अल्पसंख्याक समाजातील शिक्षकांचा गौरव करायचा आहे? आधी त्यांचं काम लिहून काढा

सावित्रीबाई फुल्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना एक पत्र लिहिलं. आजारपणामुळे त्या माहेरी गेल्या होत्या आणि पुण्यातल्या शाळांचा भार मागे राहिलेल्यांवर पडला होता. त्या पत्रात त्यांची सहकारी शिक्षिका फातिमा हिचा उल्लेख येतो: तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. फातिमा शेख यांच्याबद्दल त्या काळातला जो थोडा लेखी पुरावा आपल्या हाती आहे, त्यातला हा सगळ्यात मोलाचा. त्यांनी कोणत्या मुलींना शिकवलं, किती वर्षं शिकवलं, घरच्यांना काय सांगून मुली शाळेत आणल्या, हे कुणी टिपून ठेवलं नाही. परिणाम असा की आज एकीकडे त्यांच्या नावावर आधार नसलेल्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि दुसरीकडे त्या होत्या तरी का, अशी शंका घेणारेही भेटतात.

शिक्षकांच्या सत्काराचा विचार करताना मला हे पत्र सोडून पुढे जाता येत नाही. शाल महिनाभरात कपाटात जाते. टिकतं ते नीट तपासून लिहिलेलं पान. म्हणून या लेखात मंचापेक्षा कागदावर जास्त भर आहे. माजी विद्यार्थी संघ, वाचनालय, महिला मंडळ, शाळा व्यवस्थापन समिती किंवा मोहल्ल्यातली एखादी संस्था, कुणीही हे काम हाती घेऊ शकतं. तयारीला चार महिने ठेवा. त्यातले पहिले अडीच महिने फक्त शोधण्यात आणि लिहिण्यात गेले पाहिजेत.

कुणाचा गौरव आणि कशाबद्दल

पहिल्या बैठकीत व्याप्ती ठरवून ती इतिवृत्तात लिहा. केंद्र सरकारने अधिसूचित केलेले अल्पसंख्याक समाज सहा आहेत: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यू समाजालाही राज्यापुरता हा दर्जा दिला. शिवाय अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या कलम ३० मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांबरोबर भाषिक अल्पसंख्याकही येतात. म्हणजे सिंधी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू माध्यमाच्या शाळेत आयुष्य घालवलेली शिक्षिकाही तुमच्या यादीत बसू शकते. सगळ्यांना एकाच वर्षी सामावून घ्यायची गरज नाही. मात्र ज्यांना यंदा घेत नाही त्यांचा विचार कधी करणार, हेही त्याच बैठकीत ठरवा.

पण व्याप्ती म्हणजे निकष नव्हे. एखाद्या समाजात जन्म झाला म्हणून सत्कार होत असेल, तर त्या शिक्षकाचा त्यात मानही नाही आणि कामाची ओळखही नाही. भाऊराव पाटील जैन कुटुंबातले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि सर्व जातिधर्मांची मुलं एका वसतिगृहात राहतील, एका पंगतीत जेवतील, हे पाहिलं. डॉ. यू. म. पठाण यांनी मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकवलं, संतसाहित्यावर आयुष्यभर संशोधन केलं आणि १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. दादाभाई नौरोजी आपल्याला राजकारणी म्हणून माहीत असतात. पण त्याआधी ते एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवत होते आणि १८४९ मध्ये मुंबईत मुलींसाठी वर्ग सुरू करणाऱ्यांत होते. या तिघांचाही समाज सांगता येतो, पण त्यांची थोरवी कामातूनच सांगावी लागते.

मग समाजाचा उल्लेख करायचाच कशाला? कारण पुरस्कारांच्या नेहमीच्या वाटेवर हे शिक्षक मागे पडतात. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकाला स्वतःच ऑनलाइन अर्ज भरता येतो. पद्धत म्हणून ती खुली आहे. पण जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी उर्दू शाळेत पटनोंदणीपासून पोषण आहारापर्यंत सगळं पाहणारी बाई स्वतःबद्दल अर्ज लिहायला बसेल, ही अपेक्षा मला अवास्तव वाटते. तिच्यापर्यंत आपणच पोचायला हवं.

नावं येऊ कशी द्यायची

शिक्षकाकडून अर्ज मागवू नका. प्रस्ताव दुसऱ्या कुणीतरी द्यावा: पालक, माजी विद्यार्थी, सहकारी, शेजारी. एका पानाचा फॉर्म पुरे. त्यात शिक्षकाचं नाव, शाळा, प्रस्ताव देणाऱ्याचं नाव आणि ‘यांच्यामुळे काय बदललं, एक प्रसंग सांगा’ एवढंच विचारा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तोंडी प्रस्तावाची सोय ठेवा. समितीतल्या कुणीतरी समोर बसून तो लिहून घ्यावा आणि वाचून दाखवावा. मोबाइलवर व्हॉइस मेसेज पाठवला तरी चालेल, असं जाहीर केलंत तर मुलांच्या आया बोलायला लागतात.

समिती पाच-सात जणांची असावी. ज्या समाजांतले शिक्षक विचारात आहेत त्या समाजांतली माणसं तिच्यात हवीत आणि निम्म्या बायका असाव्यात. ज्या शाळेचं नाव चर्चेत आहे तिथला संस्थाचालक त्या निर्णयाच्या वेळी बाहेर बसेल, हा नियम आधीच करा. वर्गणीदाराला निवडीत मत नको. हे सुरुवातीला सांगायला अवघड जातं, पण नंतर सांगणं अशक्य होतं.

नावं आली की एकदा यादीकडे बघून विचारा, कोण सुटलं? माझ्या अनुभवात ठरावीक माणसंच सुटतात. तासिका तत्त्वावर शिकवणारे, कारण त्यांचं नाव शाळेच्या फलकावर नसतं. बदली होऊन गेलेल्या सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती धर्मसंघातल्या शिक्षिका, कारण त्यांचे विद्यार्थी एका गावात आणि त्या दुसऱ्याच राज्यात. मदरशात हिशेब आणि मराठी शिकवणारे मौलाना. बौद्ध वस्तीतल्या विहारात संध्याकाळची अभ्यासिका चालवणारे निवृत्त गुरुजी. विशेष मुलांच्या शाळेतल्या शिक्षिका. रात्रशाळेतले शिक्षक. यांच्यासाठी समितीनेच चौकशी करावी.

काम तपासणं: इथे वेळ द्या

प्रत्येक नावासाठी दोघांनी मिळून जावं. शाळेत जा, वस्तीत जा, आणि शिक्षकाला भेटण्याआधी निदान चार-पाच माजी विद्यार्थ्यांना भेटा. त्यातला एकजण अभ्यासात मागे पडलेला असेल असं बघा. हुशार विद्यार्थी सगळ्याच शिक्षकांबद्दल चांगलं बोलतात. दहावीत नापास झालेला, आज रिक्षा चालवणारा मुलगा जे सांगेल ते जास्त कामाचं असतं.

विचारण्याचे प्रश्न साधे ठेवा:

- शाळेच्या वेळेबाहेर ते तुमच्यासाठी कधी, कुठे आले?
- तुमच्या घरी कुणाशी काय बोलले?
- कोणता कागद त्यांनी भरून दिला, कुठल्या कार्यालयात सोबत आले?
- त्यांनी रागावलेलं काय आठवतं?
- ते नसते तर काय झालं असतं?

तिसऱ्या प्रश्नावर थांबा. अल्पसंख्याक वस्त्यांतल्या शिक्षकांची कितीतरी सेवा कागदात असते आणि तीच कुणी मोजत नाही. शिष्यवृत्तीचा फॉर्म म्हणजे उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खातं आणि तिन्हींवर एकसारखं नाव. दाखल्यावर ‘सय्यद’ एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं असलं की अर्ज अडकतो. शाळा सुटल्यावर अशी पन्नास मुलांची कागदपत्रं जुळवत बसणं हे अध्यापनाइतकंच काम आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीपुरती उरली. त्यानंतर पहिली ते आठवीच्या पालकांना हे समजावून सांगायला आणि मुलांना शाळेत टिकवायला कोण उभं राहिलं, तेही विचारा.

सातवी किंवा दहावीनंतर मुलीचं शिक्षण थांबू नये म्हणून घरोघरी फिरणं, उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना अकरावीत मराठी किंवा इंग्रजीशी जुळवून घ्यायला मदत करणं, दंगलीनंतर किंवा तणावाच्या दिवसांत वर्ग चालू ठेवणं, दोन समाजांच्या पालकांना एकाच पालकसभेला बसवणं, या सगळ्या गोष्टी लिहिण्याजोग्या आहेत. नुसतं ‘विद्यार्थिप्रिय’ लिहून त्या कळत नाहीत.

ऐकलेल्याला दुसरा आधार शोधा: हजेरीपट, जनरल रजिस्टर, निकालाची नोंद, शाळेच्या स्मरणिका, सहकाऱ्याची आठवण. संख्या मिळाली आणि जुळली तर लिहा. नाही जुळली तर प्रसंग लिहा आणि संख्या सोडा. फुगवलेला आकडा पुढे कुणीतरी खोडतो आणि मग खऱ्या कामावरही शंका येते.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. बालविवाह थांबवल्याचे, घरातल्या छळातून मुलीला सोडवल्याचे प्रसंग तुम्हाला ऐकायला मिळतील. त्या मुलीचं नाव, गाव, वर्ष, ओळख पटेल असं काहीही मानपत्रात किंवा भाषणात येऊ देऊ नका. ती आज कुणाची तरी सून असेल. शिक्षिकेने तेव्हा तिला जपलं आहे, आपल्या कौतुकामुळे ती उघडी पडायला नको.

संमती आणि परवानगी

निवड झाली की जाहीर करण्याआधी शिक्षकाला भेटून विचारा. सत्कार हवा आहे का? ‘अल्पसंख्याक’ हे शीर्षक चालेल का? काहींना ते मनापासून नको असतं. आयुष्यभर सगळ्यांच्या मुलांना शिकवलं, मग आता वेगळ्या रांगेत का, असं त्यांना वाटतं. ते रास्तच आहे. अशा वेळी कार्यक्रमाचं नाव ‘सेवागौरव’ ठेवा, किंवा त्यांचा नकार स्वीकारा. नकार दिला तरी त्यांच्या कामाची नोंद त्यांच्या परवानगीने ठेवता येते.

सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी नियम पाहावे लागतात. शासकीय कर्मचाऱ्यांना १९७९ चे आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू असतात. जाहीर सत्कार, भेटवस्तू किंवा रोख रक्कम स्वीकारण्याआधी वरिष्ठांची परवानगी लागू शकते. त्यामुळे संस्थेच्या लेटरहेडवर कार्यक्रमाचा तपशील, काय देणार आहोत आणि पैसा कुठून आला हे लिहून मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेळेत पत्र द्या आणि पोच घ्या. खाजगी अनुदानित शाळेत संस्थेचं लेखी पत्र घ्या. हे काम शिक्षकावर टाकू नका. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याची शक्यता असेल तर सभागृह आणि पाहुणे यांचा पुन्हा विचार करा.

तारीख

५ सप्टेंबर सगळ्यांच्या मनात पहिली येते. पण त्या दिवशी प्रत्येक शाळेत कार्यक्रम असतो, आणि त्याच सुमारास गणेशोत्सव आणि जैनांचं पर्युषण येण्याची शक्यता असते. पर्युषणात उपवास करणाऱ्या शिक्षिकेला संध्याकाळी सातला जेवणासह सत्काराला बोलावणं बरं नाही. ११ नोव्हेंबर हा मौलाना आझादांचा जन्मदिवस, राष्ट्रीय शिक्षण दिन. दिवाळीची सुटी कधी संपते ते पाहून ठरवा. १८ डिसेंबर हा अल्पसंख्याक हक्क दिवस, पण ख्रिस्ती शिक्षकांची नाताळची तयारी तेव्हा ऐन भरात असते. मला स्वतःला ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, सर्वांत योग्य वाटते. फातिमा त्यांची सहकारी होती, आणि शाळाही चालू असतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०३० च्या सुमारास तो डिसेंबर-जानेवारीत येईल, तेव्हा ही तारीख बदलावी लागेल.

वेळ ठरवताना शुक्रवारी दुपारची नमाज, रविवारी सकाळची प्रार्थना, ज्यूंचा शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार सूर्यास्त हा शब्बाथ आणि जैनांचं सूर्यास्तापूर्वीचं जेवण लक्षात ठेवा. सगळ्यांचं एकाच वेळी जमणार नाही. ज्यांचा सत्कार आहे त्यांचं जमलं पाहिजे.

मानपत्र

साडेतीनशे-चारशे शब्द पुरेत. पहिल्या परिच्छेदात शाळा, वर्षं, विषय. दुसऱ्यात एकच मोठा प्रसंग, तपशिलासह. तिसऱ्यात वर्गाबाहेरचं काम. शेवटी कुणी प्रस्ताव दिला, कुणी माहिती तपासली आणि तारीख. विशेषणं कमी आणि क्रियापदं जास्त ठेवा. ‘ज्ञानाचा अखंड नंदादीप तेवत ठेवणाऱ्या’ अशी वाक्यं कुठल्याही शिक्षकाला चिकटवता येतात, म्हणून ती कुणाचीच नसतात. त्याऐवजी असं लिहा:

‘सातवीनंतर शाळेत न आलेल्या मुलींची यादी बाईंनी जून महिन्यात स्वतः तयार केली. प्रत्येक घरी त्या गेल्या. आठवीची शाळा दूर असल्याने पालक तयार नव्हते. बाईंनी चार मुलींचा गट करून त्यांना एकत्र पाठवण्याची व्यवस्था केली आणि पहिला महिना त्या स्वतः त्यांच्यासोबत चालत गेल्या.’

वाचणाऱ्याला बाई दिसतात. आणखी शंभर वर्षांनी कुणी वाचलं तरी दिसतील.

काही गोष्टी कटाक्षाने टाळा. ‘मुस्लिम असूनही उत्तम मराठी’ यात कौतुक नाही, अपमान आहे. कोकणात, मराठवाड्यात, वसईत मराठी ही या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची भाषा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे आठवावं. तसंच शिक्षकाच्या देशभक्तीचं प्रमाणपत्र मानपत्रात देऊ नका, इतरांच्या मानपत्रात आपण ते देत नाही. गरिबी, वैधव्य, आजार हे त्यांनी सांगावंसं वाटलं तरच.

नाव त्यांची सही जशी असते तसंच छापा. मराठवाड्यात हजेरीपटावर अनेकदा आडनाव आधी येतं, ‘शेख’ पुढे आणि नाव मागे. सिस्टरचं धर्मसंघातलं नाव आणि घरचं नाव वेगळं असू शकतं. विद्यार्थी त्यांना आपा म्हणत असतील, टीचर किंवा गुरुजी, तर मानपत्रात एकदा तरी ती हाक येऊ द्या.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकासाठी मानपत्र दोन्ही भाषांत करा. उर्दू मजकूर मराठी डीटीपीवाल्याकडे नुसता पेस्ट केला तर अक्षरं सुटी पडतात किंवा ओळी उलट्या लागतात. नस्तालिक या उर्दूच्या वळणदार लेखनशैलीत, इनपेज या उर्दू अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या माणसाकडून तो जुळवून घ्या आणि छपाईआधी उर्दू शिक्षकाकडून तपासून घ्या. अनुवाद करू नका. उर्दूत वेगळ्याने लिहून घ्या. छपाईपूर्वीचा अंतिम मसुदा शिक्षकाला वाचायला द्या. आश्चर्याचा धक्का देण्यापेक्षा चूक टळणं महत्त्वाचं.

द्यायचं काय

शाल आणि स्मृतिचिन्ह हवं तर द्या, पण त्यात बहुतेक खर्च घालू नका. आधी विचारा. कुणी शाळेसाठी पुस्तकांचं कपाट मागतात, कुणी रात्रीच्या अभ्यासिकेसाठी दिवे. बालभारती उर्दूतही पाठ्यपुस्तकं काढते, त्यामुळे ती मिळतात; अवांतर वाचनाला मात्र फारसं काही नसतं. नॅशनल बुक ट्रस्ट आणि राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद उर्दूत मुलांची पुस्तकं काढतात. त्यांचा एक संच शिक्षिकेच्या नावाने शाळेला देता येईल. रोख रक्कम असेल तर थेट बँक खात्यात, पत्रासह, आणि सेवेतल्या शिक्षकाच्या बाबतीत परवानगी हाती आल्यावरच.

मंचावर

दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, औक्षण, टिळा, फेटा यांपैकी काय चालेल ते प्रत्येक सत्कारमूर्तीला आधी विचारा. शीख शिक्षकाच्या दस्तारीवर, म्हणजे पगडीवर, फेटा बांधायचा नसतो. सगळ्यांना सोयीचं म्हणून सावित्रीबाई-जोतीरावांच्या प्रतिमेला फुलं वाहून सुरुवात करता येते. परपुरुषाच्या हातून शाल नको असेल तर विद्यार्थिनीच्या हातून द्या. शिक्षकाचं कुटुंब पहिल्या रांगेत बसवा. पाहुणा एकच. मानपत्राचं पूर्ण वाचन एका माजी विद्यार्थ्याने करावं, घाई न करता, आणि तेच मुख्य भाषण समजावं. शिक्षकाला बोलायचं असेल तर वेळेची चिठ्ठी पाठवू नका.

कार्यक्रमानंतर

याच टप्प्यावर बहुतेक संस्था थांबतात. पंधरा दिवसांत शिक्षकाकडे जाऊन शांतपणे तासभराची मुलाखत ध्वनिमुद्रित करा, त्यांना सोयीच्या भाषेत. सुरुवातीला तारीख, ठिकाण, नाव आणि संमती त्यांच्याच आवाजात घ्या. काय जाहीर करायचं आणि काय नाही हे त्यांनी ऐकून ठरवावं. मानपत्र आणि मुलाखतीच्या लेखी उताऱ्याच्या प्रती चार ठिकाणी जाऊ द्या: कुटुंब, शाळा, संस्था आणि तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं ग्रंथालय. सेवेत असतील तर मानपत्राची प्रत त्यांच्या व्यक्तिगत संचिकेत लावावी, असं विनंतीपत्र शाळेला द्या. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने सगळ्यांची नावं लिहा. मोबाइलमधल्या फोटोला फाइलचं नाव देताना वर्ष, गाव आणि शिक्षकाचं नाव घाला.

निवड न झालेल्यांची कागदपत्रं फेकू नका. त्यांच्या शिक्षकाबद्दल जे कळलं ते नोंदवलं आहे, असं प्रस्ताव देणाऱ्या प्रत्येकाला फोन करून सांगा आणि पुढच्या वर्षी तो प्रस्ताव आपोआप विचारात घ्या. समितीतले निम्मे सदस्य दरवर्षी बदलावेत, आणि जाणाऱ्या सचिवाने ही सगळी फाइल नव्या सचिवाकडे लेखी पोच घेऊन सोपवावी.